अर्धविरामाचा गोविंद

माळेगावची नकोशी उठली, परकर सावरला, पुस्तक दोन्ही हातांनी आरतीच्या ताटासारखं पुढं धरलं आणि खणखणीत आवाजात वाचू लागली, “द रिव्हर वॉज फुल; द बोट डिड नॉट कम.” एवढंसं वाक्य. पण ‘फुल’ म्हणून ती थांबली मात्र, आणि सगळा वर्ग, पुढच्या बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत, एका तोंडानं, एका सुरात गरजला, “गोविंद! गोविंद!” मग जणू काही झालंच नाही अशा थाटात नकोशीनं नदीकाठची ती न आलेली होडी पुरी केली आणि पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला. खिडकीतली साळुंकी उडून गेली. हेडमास्तर आबासाहेब पेनाचं टोपण लावत होते, ते त्यांच्या हातून सुटलं आणि टकटक करत बाकांखाली गेलं. पुण्याहून शाळातपासणीला आलेल्या लीलाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. ऐकण्यातली चूक जणू चष्म्याची होती.

“हे काय होतं?” त्यांनी विचारलं.

“अर्धविराम, बाई,” नकोशी म्हणाली.

“तो दिसला मला. आणि गोविंद?”

“त्यो त्याच्यातच असतोय, बाई.”

मागच्या बाकावरची सारजा फिस्सकन हसली आणि तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी टिपलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या इंग्रजीच्या मास्तरीणबाईंना म्हणाल्या, “सिंधुबाई, सुट्टीत भेटा मला.”

सिंधुबाईंनी मान हलवली. आदल्या दिवशी त्यांनी वर्गाला सगळं सांगितलं होतं. वेण्या घट्ट घाला, नखं काढा, पाहुण्यांनी विचारल्याशिवाय बोलू नका, वाचताना विरामचिन्हं गिळू नका. गोविंद म्हणू नका, हे सांगायचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. येणार कसं? पाण्याच्या मोटेवर बसणाऱ्याला मोटेचा आवाज ऐकू येत नाही, तसं झालं होतं. दिवाळीनंतर कधीतरी सुरू झालेला तो गोविंद त्यांच्या कानांत इतका मुरला होता की, आज पुण्याचे परके कान वर्गात येऊन बसले तेव्हा कुठं तो त्यांनी पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकताक्षणी त्यांच्या अंगावर काटा आला. भीतीचा होता, हे खरं. पण खोटं कशाला बोला, थोडासा तो दुसरा, कीर्तनात येतो तसलाही होता.

सुट्टीची घंटा झाली. आबासाहेब व्हरांड्यात त्यांना गाठून दबक्या आवाजात म्हणाले, “अहो बाई, ही शाळा आहे की हरिमंदिर? इंग्रजीच्या तासाला गोविंद? उद्या गणिताच्या तासाला आरत्या लावा!” ते मुळात भले माणूस, रागावले की त्यांनाच घाम फुटायचा. रुमालानं टक्कल टिपत ते म्हणाले, “तुमच्या कायम होण्याचा कागद मी याच बाईंच्या पुढं ठेवलाय. त्यांनी शिफारस केली तर तुमची नोकरी कायम. नाही केली, तर मे महिन्यात माझा हात धरू नका.” आणि ते लीलाबाईंच्या चहाची व्यवस्था बघायला पळाले. पाण्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर दगडाबाई बसली होती. शाळेची घंटा, झाडू आणि पाणी ही तिघं तिच्या ताब्यात. तिनं सिंधुबाईंना पेला भरून दिला आणि कपाळाला हात लावला. “बाई, माजा जीव उडाला की वो! येकदम समद्यांनी गोविंद गोविंद केलं, मला वाटलं हेडमास्तरच गेलं! पानी घिऊन पळत आले, तर ह्ये उभं हायेत दारात, घाम पुशीत. म्हनलं, देवा, ह्ये तर जित्तं हाय.” सिंधुबाईंना पाण्याचा ठसका लागला. हसू की रडू, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना, तेव्हा त्या आणखी एक पेला पाणी प्यायल्या.

कायम. केवढासा शब्द, पण गेली काही वर्षं त्या शब्दाच्या उंबऱ्यावरच त्यांचं बिऱ्हाड होतं. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची, दर जूनमध्ये पुन्हा लागायची, आणि मधल्या दिवसांत इंदापूरच्या मळ्यात भाऊ दत्तोबा वांग्याच्या वाफ्यात उभा राहून तेच ते म्हणायचा. “सिंधे, औंदा कायम झालीस तर ऱ्हा बारामतीला, माझं काय म्हननं न्हाय. न्हाय तर लासुर्ण्याचं ठिकान हाय. मानूस चांगला हाय. ऊस हाय, विहीर हाय.” लासुर्ण्याचा माणूस चांगला होता हे सिंधुबाईंनाही मान्य होतं. त्यांनी त्याला एकदा पाहिलाही होता. बैलाशी बोलत होता, आणि बैलाशी इतकं मऊ बोलणारा माणूस वाईट असूच शकत नाही. फक्त त्यानं निरोप धाडला होता की, लग्न झालं की मास्तरकी तेवढी सोडावी लागेल. यंदा मात्र दत्तोबानं जत्रेतल्या बैलाचा सौदा करावा तसा हातावर हात मारून शब्द घेतला होता, आणि सिंधुबाईंनी दिला होता. शब्द म्हणजे शब्द. म्हणजे आज लीलाबाई काय लिहितील त्यावर ही खोली, ही खडूची पूड, कऱ्हेकाठच्या त्या भाड्याच्या खोलीतला स्वतःचा कंदील, रविवारी न्हाऊन ओल्या केसांनी वह्या तपासत बसणं, सगळं उभं होतं. त्यांना वाटलं, आपण आता पुराच्या अलीकडं उभ्या आहोत आणि होडी यायची का नाही ते पलीकडं कुणीतरी चष्मा पुसत ठरवतंय.

आणि खरी गंमत म्हणजे, हा अर्धविराम त्यांना स्वतःला कधीच नीट कळला नव्हता. पुण्याला शिक्षणाच्या वर्गात असताना प्राध्यापक फळ्यावर एक टिंब आणि त्याखाली एक शेपटी काढून सांगायचे की, जिथं दोन पूर्ण वाक्यं अर्थानं एकमेकांना चिकटलेली असतात तिथं हे चिन्ह द्यावं. नुसता स्वल्पविराम त्यांना पेलत नाही आणि पूर्णविराम त्यांची ताटातूट करतो. सिंधुबाईंनी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, गुणही मिळवले. पण बारामतीला येऊन वर्गापुढं उभं राहिल्यावर ते पाठांतर फोलकटासारखं उडून गेलं. मुलींच्या वह्यांत स्वल्पविराम फोडणीतल्या मोहरीसारखे उडालेले असायचे. ‘माय फादर’ म्हटलं की स्वल्पविराम, मग ‘ग्रोज ब्रिंजल्स.’ बाप एकीकडं, वांगी एकीकडं! नकोशीचं म्हणणं सरळ होतं. “बाई, फादर म्हनल्यावर दम लागतोय.” आणि अर्धविराम? तो एकतर कुठंच नसायचा, नाहीतर कुणीतरी शोभेला काढलेला असायचा, रांगोळीच्या कोपऱ्यात पक्षी काढतात तसा. सिंधुबाई घसा फोडून सांगायच्या, मुली मान डोलवायच्या, आणि पुढच्या वहीत पुन्हा बाप एकीकडं आणि वांगी एकीकडं.

मग एका दुपारी, खिडकीतून ऊन थेट फळ्यावर पडलेलं, मुली जेवून सुस्तावलेल्या, सारजा तर उघड्या डोळ्यांनी झोपलेली, आणि सिंधुबाईंच्या हातात खडू, आणि फळ्यावर ती टिंबाखालची शेपटी. त्या शेपटीकडं बघता बघता त्यांना एकदम बुक्क्याचा वास आला. कुठून आला? बारामतीत त्या शाळेत बुक्का कुठला? पण आला, अगदी नाकाच्या शेंड्यावर, थंडगार, आणि त्याच्या मागोमाग इंदापूरच्या राममंदिराचा सभामंडप आला, चातुर्मासातली दुपार आली, आणि कमरेला पदर खोचून, हातात चिपळ्या घेऊन उभी असलेली द्वारकाआत्या आली. आत्या कीर्तनकार. कमी वयात कुंकू पुसलं गेलं, तेव्हा देवळातल्या म्हाताऱ्या हरदासांनी तिला शिकवलं, आणि गावानं थोडं नाक मुरडून मग मांडी घालून ऐकलं. आसनावर उभी राहिली की तिची भाषा शुद्ध तुपात तळलेली; चुलीपाशी बसली की तीच आत्या, “सिंधे, इस्तू इझला का बघ.” बायका दुपारचं आवरून यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, मांडीवर कापूस घेऊन वाती वळत ऐकायच्या. आणि सिंधू, दोन वेण्यांची, आत्याच्या मागं झांज घेऊन उभी.

झांज कुठं वाजवायची, हे आत्यानं तिला कधी समजावून सांगितलं नाही. मार मात्र दिला. एकदा निरूपणात आत्या थबकली तशी सिंधूनं ठण्णदिशी झांज हाणली. आत्यानं सगळ्या बायकांच्या देखत मागं वळून पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, “म्या थुकी गिळली गं भवाने! वाक्य कुठं थांबलं व्हतं? मला दम लागल तितं वाजवू नगं. अर्थाला दम लागल तितं वाजीव.” अर्थाला दम लागतो म्हणजे काय, हे त्या वयात कसं कळावं? पण हात शिकले. नाव एकीकडं आणि त्यानं केलेलं काम एकीकडं असं तोडायचं नाही. आत्या एकामागून एक सांगू लागली, राजा निघाला, रान लागलं, तहान लागली, की प्रत्येकापाशी झांजेची नुसती कड कडेला टेकवायची, किण्, किण्. हा स्वल्पविराम. आणि मग पूर्वरंग संपायचा. सगळा उपदेश सांगून झालेला असायचा. आत्या चिपळ्या खाली करायची, पुजारी पुढं येऊन तिला बुक्का लावायचा, गळ्यात हार घालायचा, आणि सगळ्या बायका म्हणायच्या, गोविंद, गोविंद. वाती वळणारे हात थांबायचे. पण कुणी उठायचं नाही. आरती झालेली नसायची. जे झालं ते आपल्या जागी पुरं होतं, आणि जे यायचं तेही पुरंच असणार होतं, पण दोघं मिळून एक कीर्तन. हार घातला की श्वास घ्यायचा, पाय बदलून बसायचं, आणि गोष्टीची वाट बघायची.

फक्त सरुबाई उठायची. पळसदेवच्या बाजूची, इंदापुरात नवी नांदायला आलेली. तिच्या माहेरी कीर्तनाला हार शेवटी घालत. त्यामुळं हार पडला की ही लगबगीनं उठायची, देवाला हात जोडायची, वहाणा शोधायची आणि घरी जायची. बायकांना वाटायचं, सासू खडूस असेल. असे दोन-तीन चातुर्मास गेले. मग एकदा पाणवठ्यावर सरुबाई म्हणाली, “द्वारकाबाई बोलत्यात ग्वाड, पर निस्ता उपदेशच. गोष्ट कशी ती न्हाय.” सगळ्या बायका हंडे टाकून हसल्या. उत्तररंगातल्या त्या सगळ्या गोष्टी, ते राजे, ती रानं, ते देवाचं ऐनवेळी धावून येणं, हिनं एकदाही ऐकलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी हार पडला तशी सरुबाई सवयीनं उठली, आणि दोन्हीकडच्या बायकांनी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. “बस गं. आता तर सुरू हुतंय.” त्या दिवशी सरुबाई इतकी रडली, आणि मग इतकी हसली, की आत्याला मध्ये थांबावं लागलं.

हे सगळं त्या सुस्त दुपारी सिंधुबाईंनी वर्गात सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, केलंच. पदर कमरेला खोचला, डस्टर आणि खडूची पेटी चिपळ्यांसारखी धरली, सरुबाई होऊन वहाणा शोधल्या. सारजा जागी झाली. हे टिंब म्हणजे बुक्का, आणि खाली लोंबतोय तो हार. इथं गोविंद म्हणायचं, पण उठायचं नाही. दोन्हीकडं पुरं वाक्य हवं. अर्ध्या कीर्तनाला कुणी हार घालत नाही. आणि पूर्णविराम म्हणजे आरती, मग खुशाल वहाणा शोधा. त्या दिवसापासून मुलींनी अर्धविराम चुकवला नाही. स्वल्पविरामापाशी बाकावर बोटानं टिचकी, अर्धविरामापाशी गोविंद. बाप आणि वांगी पुन्हा एकत्र नांदू लागली. सिंधुबाईंना इतका आनंद झाला की कऱ्हेकाठच्या खोलीवर जाताना त्या वाटेत दोनदा स्वतःशी हसल्या.

पण आता पाण्याच्या खोलीपाशी उभ्या असताना त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी खडा लागला. नोकरी जाण्याची भीती तर होतीच. ती अंगावर चाल करून येणारी, ओळखीची. ही दुसरी होती, बारीक, चपलेत गेलेल्या काट्यासारखी. ते नाव आपण खुंटीसारखं वापरलं का? देवाचं नाव घेतलं आणि त्यावर इंग्रजीचा अर्धविराम टांगला? त्या मुली गोविंद म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं काय असतं? टिंब आणि शेपटी. आत्याला कळलं तर? आत्या अजून इंदापुरात होती, आवाज बसला होता, पण नजर तशीच. ती काय म्हणाली असती, याचा अंदाज सिंधुबाईंना काही केल्या लागेना. एकदा वाटलं, पोट धरून हसली असती. एकदा वाटलं, मागं वळून पाहिलं असतं, त्या झांजेच्या दिवशी पाहिलं तसं. दगडाबाई म्हणाली, “जावा बाई. त्या पुन्याच्या बाईनं च्या पिऊन कप पालथा घातलाय.”

लीलाबाई हेडमास्तरांच्या खोलीत एकट्याच होत्या. खुर्चीकडं बोट दाखवून म्हणाल्या, “बसा. हे कुठून आलं ते सांगा. थोडक्यात.” थोडक्यात सांगणं सिंधुबाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी झांज सांगितली, थुंकी सांगितली, हार सांगितला, आणि सरुबाई तर अशी सांगितली की सांगताना क्षणभर आपली नोकरी टांगलेली आहे हेच विसरल्या. लीलाबाईंचा चेहरा हलला नाही. फक्त सरुबाईच्या वहाणांपाशी त्यांनी ओठ आत ओढून घेतले, ते हसू होतं की दातात अडकलेली वेलदोड्याची साल, कळायला मार्ग नव्हता.

“वह्या पाहिल्या मी,” त्या म्हणाल्या. “अर्धविराम बरोबर आहेत. पुण्याच्या कितीतरी वर्गांत नसतात इतके. त्याबद्दल माझी तक्रार नाही.”

“मग?”

“मग परीक्षा. बाई, मार्चमध्ये या मुली मॅट्रिकला बसतील. शेकडो मुलं एका मंडपात. उताऱ्यात विरामचिन्हं घाला, असा प्रश्न येईल. आणि तुमचा अख्खा वर्ग तिथं उभा राहून—”

“उभा नाही राहणार. उठायचं नसतं.”

“बसून, बरं. बसून गोविंद म्हणेल! पर्यवेक्षक काय करेल? बाहेर काढेल. वर्ष जाईल पोरींचं. मला देवाचं वावडं नाही, सिंधुबाई. माझ्या खात्याला गोंगाटाचं आहे.” त्यांनी समोरचा कागद सरळ केला. “शेवटच्या तासाला मी परत येते. मी स्वतः वाचेन, त्या लिहून घेतील. चिन्हं मी सांगणार नाही. आवाज नको, टिचकी नको, ओठ हलता कामा नयेत. आणि अर्धविराम जागच्या जागी पाहिजे. जमलं तर तुमची शिफारस करते. न जमलं तर माझा नाइलाज. शिक्षिकेनं शिकवलेलं शिक्षिका नसताना चाललं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.”

हे म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच सिंधुबाईंना ते जास्त लागलं. वर्गाकडं जाताना त्यांना वाटलं, आता त्यांना सांगायचं काय? नाव घेऊ नका? आपल्या तोंडानं, द्वारकाआत्याच्या भाचीनं, मुलींना सांगायचं की आजपासून नाव घेऊ नका? त्या दारात आल्या. मुली चिडीचूप बसल्या होत्या. बातमी भिंतीतून पसरते. नकोशीचे डोळे भरलेले. “बाई, म्या लई मोट्यानं वाचलं का? माझ्यापायी तुमाला काढनार का?” आणि तिच्या त्या प्रश्नानं सिंधुबाईंचं तोंड आपोआप उघडलं. “नाही गं. अगं, आपण अजून पहिल्याच पायरीवर होतो. माझी आत्या सांगायची, नाव तीन तऱ्हांनी घेतात. मोठ्यानं घेतलं की शेजाऱ्याला ऐकू जातं. ओठांत घेतलं की आपल्याला ऐकू जातं. आणि मनात घेतलं की ज्याचं नाव आहे, फक्त त्यालाच ऐकू जातं. ते सगळ्यांत मोठं. आज आपण त्याच्यावर जायचं.” बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, ही पळवाट नव्हती. आत्या खरंच असं सांगायची, आणि सांगून झालं की किती वेळ डोळे मिटून उभी राहायची, आणि मागं झांज घेतलेल्या सिंधूला वाटायचं, आत्या वाक्य विसरली.

“बाई,” सारजानं हात वर केला, “मनात मोट्यानं घेतलं तर चालंल का?”

“चालेल. खूप मोठ्यानं घे.”

मग तालीम सुरू झाली. पहिल्या खेपेला वर्गातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गूं गूं उठली. दुसऱ्या खेपेला गूं गूं गेली, पण अर्धविरामापाशी सगळ्यांनी मिळून असा सुस्कारा टाकला की फळ्यावरची पूड उडाली. तिसऱ्या खेपेला सारजाचे गाल फुगले, डोळे वटारले, आणि तिच्या शेजारणीला हसू फुटलं, मग सगळ्या वर्गाला फुटलं, सिंधुबाईंनाही. नकोशीची बोटं टिचकीशिवाय बेचैन होती. तिनं ती दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवली, पाखरू धरतात तशी. हळूहळू हसू निवलं. बाहेर माळेगावकडं निघालेल्या बैलगाडीची खडखड रस्त्यानं दूर गेली. सिंधुबाईंनी एक वाक्य वाचलं, अर्धविरामापाशी थांबल्या, आणि वर्गात काही, काहीच ऐकू आलं नाही.

शेवटच्या तासाला लीलाबाई आल्या, आबासाहेब आले, दगडाबाई झाडू टेकवून दाराआड उभी राहिली. लीलाबाईंनी पुस्तक उघडलं आणि स्वच्छ, सपाट आवाजात वाचलं, “द कार्ट वॉज ओल्ड, स्लो अँड हेवी; द बुलक्स न्यू द रोड, अँड नोबडी हरीड देम.” स्वल्पविरामापाशी त्या जेमतेम थांबल्या, अर्धविरामापाशी थोड्या जास्त. मुलींच्या माना खाली, टाक कागदावर. ‘हेवी’ झालं. सिंधुबाईंचे डोळे बाकाबाकावरून धावू लागले. ओठ? मिटलेले. गाल? सारजाचे जागेवर. बोटं? नकोशीचा डावा हात मांडीखाली दडपलेला. टाक एकदमच खाली टेकले, एक टिंब, एक शेपटी, आणि पुढं गेले. इतकी शांतता! म्हणजे घेतलं का नाव? का नुसतंच टिंब दिलं? एखादीनं घेतलं असेल, एखादीला चिंचा आठवल्या असतील, एखादीला माळेगावला उभ्या राहणाऱ्या कारखान्याची चिमणी. आता कुणाला विचारणार, आणि कसं तपासणार? आजवर त्यांना ऐकू येत होतं म्हणून ते त्यांचं होतं, त्यांच्या शिकवण्यातलं, त्यांच्या तासाचं. आता ते त्यांच्या हातातून सुटलं होतं. ती खुंटी, ते टांगणं, ते सगळं सुटलं होतं, आणि ती प्रत्येक मुलगी त्या टिंबापाशी कुणाच्याही नजरेआड, आपल्या आपण उभी होती. काटा निघाल्यावर तळपायाला वाटतं तसं सिंधुबाईंना वाटलं.

लीलाबाई बाकांमधून फिरल्या. वह्या पाहिल्या. एकीच्या वहीत स्वल्पविराम हरवला होता. अर्धविराम सगळ्यांचे जागच्या जागी. त्या फळ्यापाशी परत आल्या, आबासाहेबांकडं वळल्या, आणि बोलू लागल्या, “सिंधुबाईंचं काम पाहून मला...”

आणि नेमक्या त्या वेळी सिंधुबाईंच्या ध्यानात आलं की, मघाशी आपण स्वतः नाव घेतलंच नव्हतं. सगळ्यांचे ओठ तपासत होतो, गाल तपासत होतो, बोटं तपासत होतो. वर्गात त्या घडीला नाव घ्यायचं राहिलं असेल तर ते खात्रीनं एकटीचंच, आपलं! त्यांना इतकं हसू आलं की ते आवरायला त्यांनी डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनी, लीलाबाईंच्या वाक्याच्या ऐन मधोमध, कर्ता एकीकडं आणि क्रियापद अजून यायचं असताना, जिथं स्वल्पविरामसुद्धा देता येत नाही अशा जागी, त्यांनी ते मनात घेतलं, सावकाश, पुरं. वाक्य त्यांच्या कानांवरून निघून गेलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मुली टाळ्या वाजवत होत्या, आबासाहेब रुमालानं टक्कल टिपत हसत होते, दाराआडून दगडाबाई “आता काय झालं वो? सांगा की कुनीतरी!” म्हणत होती, आणि लीलाबाई पेनाचं टोपण काढून त्यांच्याकडं बघत म्हणत होत्या, “बाई, ऐकलंत ना? का परत सांगू?”

“परत सांगा,” सिंधुबाई म्हणाल्या.